गोळीचा हिशेब आधी, बंदूक नंतर: नेमबाजीची हौस परवडायची असेल तर कॅलिबर कसं निवडावं

हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्याने काडतुसांचं बिल कधी भरलेलं नसावं. बंदूक एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते, काडतूस मात्र एकदाच वाजतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा प्रकार नेमबाजीत हमखास होतो, आणि तो मसाला किती लागणार हे तुम्ही कॅलिबर, म्हणजे नळीचं आणि तिच्या काडतुसाचं माप, निवडता त्याच दिवशी ठरून जातं. नवखा माणूस बंदुकीच्या रूपावर भाळतो, हातात घेऊन तोलून बघतो, आणि "हिला काडतूस कुठलं लागतं?" हे पैसे मोजताना विचारतो. ते सगळ्यात आधी विचारायचं.

हा लेख फक्त टार्गेटवरच्या नेमबाजीसाठी आहे. शिकारीचे आणि स्वसंरक्षणाचे निकष वेगळे असतात, ते इथे लावू नका.

१. परवाना आणि रेंज यांची परवानगी आधी बघा

दुकानात जाण्याआधी दोन ठिकाणचे नियम वाचून काढा. पहिला कायदा. बऱ्याच देशांत परवाना ठरावीक कॅलिबरचाच मिळतो आणि तसं त्यावर लिहिलेलं असतं. वर्षाला किती काडतुसं घेता येतील, घरी किती ठेवता येतील, यावरही मर्यादा असू शकते. काही देशांत लष्करी कॅलिबर सामान्य माणसाला मिळतच नाहीत. एअर रायफलचे नियम बहुधा सैल असतात, पण 'बहुधा'वर विसंबू नका. ताकद एका मर्यादेपलीकडे गेली की तिलाही परवाना लागू शकतो.

दुसरे नियम तुमच्या रेंजचे, म्हणजे नेमबाजीच्या जागेचे. बंदिस्त रेंजवर मोठ्या रायफली आणि जादा ताकदीची मॅग्नम काडतुसं बऱ्याचदा चालत नाहीत. पोलादी गाभ्याच्या गोळ्यांनी मागची भिंत आणि लोखंडी टार्गेट खराब होतात, म्हणून काही ठिकाणी दारातच काडतुसाला लोहचुंबक लावून बघतात. स्वस्त मिळाली म्हणून अशी काडतुसं घेतलीत आणि तुमच्या रेंजने ती नाकारली, तर ती बचत कपाटातच पडून राहील.

२. किती अंतरावर मारणार ते ठरवा

तुमच्या आवाक्यातल्या रेंजची लांबी हेच इथे उत्तर असतं. १० मीटरला एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. २५ आणि ५० मीटरला .२२ (टिंबवाले असे आकडे गोळीच्या व्यासाचे, इंचातले). ऑलिंपिकमध्येसुद्धा २५ मीटर पिस्तूल आणि ५० मीटर रायफल या स्पर्धा .२२ वरच होतात, तेव्हा हे 'लहान मुलांचं कॅलिबर' आहे असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. १०० मीटरलाही .२२ ने मजा येते, उलट जास्तच येते. त्याबद्दल पुढे सांगतो. २०० ते ३०० मीटर आणि त्यापलीकडे जाणार असाल तरच मोठ्या रायफलीचा विचार करा. जवळची रेंज ५० मीटरची असताना .३०८ विकत घेणं म्हणजे प्रत्येक गोळीमागे न वापरलेल्या अंतराचे पैसे भरणं.

३. भाव एका गोळीचा काढा

खोक्याचा भाव फसवतो, कारण प्रत्येक खोक्यात काडतुसं वेगवेगळी असतात. .२२ आणि पिस्तुलाची काडतुसं बहुतेक ५० च्या खोक्यात येतात, रायफलीची २० च्या, शॉटगनची २५ च्या. .२२ चे दहा खोके एकत्र करून ५०० चा गठ्ठाही मिळतो. एअर रायफलच्या ४.५ मिमी छर्ऱ्यांचा डबा बऱ्याचदा ५०० चा असतो, ५.५ मिमीच्या तेवढ्याच डब्यात कमी भरतात. म्हणून खोक्याची किंमत भागिले नग, हे तिथल्या तिथे मोबाइलवर करून बघा.

मग तो आकडा महिन्याच्या नगांनी गुणा आणि वर्षाचं काढा. समजा, ९ मिमीचं काडतूस .२२ च्या चौपट पडतं आणि तुम्ही महिन्याला २०० गोळ्या मारता. वर्षाला २,४०० गोळ्या झाल्या. त्याच पैशात .२२ च्या ९,६०० झाल्या असत्या. आता बंदुकीच्या किमतीतला फरक या आकड्याशेजारी ठेवून बघा. सरावाने हात बसायचा असेल तर ७,२०० जादा गोळ्या ही लहान गोष्ट नाही.

एक गोष्ट या गुणाकारात दिसत नाही. मोठ्या काडतुसाच्या धक्क्याने नवखा माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो, डोळे मिटतो, नळी खाली जाते. ही खोड एकदा लागली की सुटायला पुन्हा काडतुसंच जाळावी लागतात. माझ्या मते, पहिल्या वर्षात मोठं कॅलिबर टाळायचं पैशांइतकंच मोठं कारण हे आहे.

४. काडतूस स्वस्त कशामुळे होतं

दोन गोष्टींनी: त्यात माल किती आणि कारखाने ते किती बनवतात.

मालाचा हिशेब सरळ आहे. .२२ ची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची असते. .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची २३० ग्रेनची, म्हणजे १४.९ ग्रॅमची. एक किलो शिशात .२२ च्या ३८४ गोळ्या निघतात आणि .४५ च्या ६७. दारूचंही तसंच: ९ मिमीला ५ ग्रेनच्या आसपास लागते, .३०८ ला ४० ग्रेनच्या वर. पितळ, तांबं आणि शिसं महागलं की मोठ्या काडतुसाला त्याची झळ जास्त बसते.

पण नवखे फसतात ते दुसऱ्या गोष्टीत. लहान म्हणजे स्वस्त असं धरून चालू नका. .३८० एसीपी हे ९ मिमीपेक्षा आखूड आणि हलकं काडतूस, तरी बहुतेक बाजारांत ते ९ मिमीपेक्षा महाग पडतं. शॉटगनमध्ये .४१० चं बारीक काडतूस १२ बोअरच्या जाडजूड काडतुसापेक्षा महाग असतं. .२५ आणि .३२ च्या इवल्याशा पिस्तुलांचंही तेच. कारण एकच, खप. ९ मिमी हे जगभरातली सैन्यं आणि पोलीस वापरतात, कारखान्यांत त्याची यंत्रं थांबतच नाहीत. कमी खपाच्या कॅलिबरसाठी यंत्रं वर्षातून मोजक्या वेळा लावली जातात, आणि तो खर्च थोड्याच खोक्यांवर पडतो.

खपाची दुसरी बाजूही आहे. ज्याला मागणी जास्त तेच टंचाईत आधी गायब होतं. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास साधं .२२ दुकानांत मिळेनासं झालं होतं आणि फळ्या भरायला बराच काळ गेला. २०२० मध्ये ९ मिमीची तीच गत झाली. त्यावरचा उपाय शेवटच्या पायरीत.

५. सुरुवात .२२ एलआर किंवा ४.५ मिमी एअर रायफलने करा

एअर रायफलपेक्षा स्वस्त नेमबाजी नाही. छर्रा म्हणजे जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा तुकडा, त्याला पुंगळी नाही, दारू नाही, ती पेटवणारी टिकली म्हणजे प्रायमर नाही. कागदावर मारायला सपाट तोंडाचे छर्रे घ्या. ते पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार छर्ऱ्याने कागद फाटतो आणि भोकाची कड नक्की कुठे हेच कळत नाही. ५.५ मिमी छर्रा जड असतो, महाग पडतो, आणि १० मीटरच्या स्पर्धा ४.५ वरच होतात. टार्गेटसाठी ५.५ घ्यायला मला एकही कारण दिसत नाही.

दारूच्या बंदुकीवर यायचं असेल तर .२२ लाँग रायफल, म्हणजेच .२२ एलआर. हे काडतूस १८८७ चं आहे आणि त्याच्या स्वस्ताईचं रहस्य त्याच्या बुडाशी आहे. वाजलेली पुंगळी हातात घेऊन बघा: फायरिंग पिनची, म्हणजे चाप ओढल्यावर आदळणाऱ्या सुईची, खूण बुडाच्या मध्यावर नसते, काठावर असते. ठिणगी पाडणारं रसायन त्या पोकळ काठातच भरलेलं असतं, म्हणून याला रिमफायर म्हणतात. वेगळा प्रायमर बसवायचा नाही, पुंगळी पातळ पत्र्याची, दारू चिमूटभर. मोठी रायफल वापरणाऱ्या सैन्यांनीसुद्धा सरावासाठी .२२ च्या रायफली बनवून घेतल्या होत्या. अमेरिकेची एम १९२२ स्प्रिंगफील्ड त्यातलीच.

आता १०० मीटरची मजा. साध्या .२२ ची रायफल ५० मीटरला नेमकी लागेल अशी जुळवली तर १०० मीटरला गोळी बरीच खाली जाते. १५ ते २० सेंटिमीटर धरा. वाराही तिला चांगलाच ढकलतो. म्हणजे मोठ्या रायफलीने दूरच्या रेंजवर जे वाऱ्याचं आणि उंचीचं गणित शिकावं लागतं, ते इथे जवळच्या रेंजवर आणि किरकोळ खर्चात शिकता येतं.

.२२ घेताना या खाचखळग्यांकडे लक्ष ठेवा:

- .२२ डब्ल्यूएमआर आणि .१७ एचएमआर हीसुद्धा रिमफायर काडतुसं आहेत, पण .२२ एलआरपेक्षा चांगलीच महाग. टार्गेटला त्यांची गरज नाही. शिवाय .२२ एलआर काडतूस डब्ल्यूएमआरच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) सैल बसतं आणि पुंगळी फाटते. असली अदलाबदल करू नका.
- 'मॅच' म्हणजे स्पर्धेचं असं लिहिलेलं महाग .२२. सर्वांत वरच्या दर्जाचं .२२ कधी कधी साध्या ९ मिमीच्या भावाला जाऊन भिडतं. हात बसेपर्यंत मधल्या दर्जाचं पुरे.
- ऑटोमॅटिक भरणाऱ्या .२२ चे नखरे. कमी ताकदीच्या काडतुसावर तिची यंत्रणा पूर्ण मागे येत नाही आणि पुंगळी अडकते. दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणाऱ्या रायफलीला हे दुखणं नाही. नवख्याला मी बोल्टचीच सांगेन. गोळ्यासुद्धा सावकाश संपतात.
- न वाजलेलं काडतूस. रिमफायरमध्ये हे जरा जास्त होतं. चाप ओढल्यावर आवाज आला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग काडतूस काढा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी मारूच नका. आधीची नळीतच अडकलेली असू शकते. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय ना ते बघा.
- रिकाम्या बंदुकीचा चाप ओढणं. सेंटरफायर बंदुकीवर, म्हणजे जिच्या काडतुसाला बुडाच्या मध्यावर प्रायमर असतो तिच्यावर, हा फुकटचा सराव चालतो. बऱ्याच .२२ मध्ये मात्र पिन चेंबरच्या काठावर आदळून तो बोथट होतो. निर्मात्याने चालतं म्हटलं असेल तरच करा, नाहीतर नकली काडतूस वापरा.

६. पिस्तूल हवंच असेल तर ९ मिमी

इथे फार विचार करायचं कारण नाही. सेंटरफायर पिस्तुलांत ९×१९ मिमीइतकं स्वस्त आणि सहज मिळणारं दुसरं काही नाही. .४० आणि .४५ बद्दल रेंजवर कितीही भक्तिभावाने बोललं जात असलं तरी कागदावर भोक तेच पडतं आणि बिल मोठं येतं.

फक्त नावाकडे लक्ष द्या. ९×१९, ९×१८ आणि ९×१७ ही तीन वेगळी काडतुसं आहेत (दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा, मिमीत), आणि ९×१७ म्हणजेच वर आलेलं .३८० एसीपी. दुकानदाराला नुसतं 'नाइन एमएम' म्हणू नका. नळीवर कोरलेलं पूर्ण नाव वाचून दाखवा.

रिव्हॉल्व्हर आवडत असेल तर .३५७ मॅग्नमचं घ्या आणि त्यात .३८ स्पेशल वाजवा. हे चालतं. उलटं, म्हणजे .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७, कधीच चालत नाही. .३८ आखूड असल्याने चेंबरमध्ये काजळीचं कडं साचतं, ते दर वेळी ब्रशने घासून काढा.

काही पिस्तुलांना .२२ चा जोडसंच मिळतो: वरचा भाग आणि मॅगझिन बदललं की त्याच मुठीवर .२२ चा सराव होतो. नियमित मारणाऱ्याचा हा संच लवकर वसूल होतो. मात्र त्याचीही परवान्यावर नोंद लागते का ते विचारून घ्या.

७. सेंटरफायर रायफल

स्वस्ताईचा क्रम बहुतेक ठिकाणी असा: .२२३ रेमिंग्टन, मग .३०८ विंचेस्टर, मग बाकीची. ७.६२×३९ जिथे पोलादी पुंगळीत आयात होतं तिथे .२२३ शी बरोबरी करतं, नाहीतर नाही.

.२२३ आणि ५.५६×४५ दिसायला जुळी भावंडं, पण चेंबर वेगळं. .२२३ असं कोरलेल्या रायफलीत ५.५६ घालू नका, दाब वाढतो. ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ चालतं. आणि .३०० ब्लॅकआउट हे जाड गोळीचं काडतूस ५.५६ च्याच मॅगझिनमध्ये बसतं, चुकून चेंबरमध्येही जातं आणि रायफल फोडतं. ही दोन कॅलिबर एका टेबलावर कधीही ठेवू नका.

लष्कराच्या जुन्या साठ्यातली काडतुसं, उदाहरणार्थ ७.६२×५४ आर, एके काळी फार स्वस्त होती आणि त्या भरवशावर अनेकांनी जुन्या रायफली घेतल्या. साठा संपत गेला तसा भाव चढला. शिवाय त्यांतल्या पुष्कळशा काडतुसांच्या प्रायमरमधले क्षार नळीत राहतात, दमट हवा शोषतात आणि गंज धरतो. अशी काडतुसं वाजवलीत तर त्याच दिवशी नळीतून पाणी फिरवायचं, मग पुसून तेल. नुसत्या तेलाने क्षार विरघळत नाहीत.

नळीची झीजही खर्चात धरा. .२२ ची नळी सहसा माणसाला पुरून उरते. .३०८ ची हजारो गोळ्या टिकते. पण बारीक तोंड आणि भरपूर दारू अशी वेगवान कॅलिबर नळीचा घास लवकर घेतात.

८. शॉटगन: १२ बोअर, बाकी काही नाही

उडत्या तबकड्यांसाठी १२ बोअर घ्या. २० बोअरमध्ये शिसं कमी असूनही ते क्वचितच स्वस्त पडतं. धक्का सोसत नसेल तर १२ मध्येच २४ किंवा २८ ग्रॅमची हलकी काडतुसं मिळतात.

घरात १२ आणि २० दोन्ही असतील तर सावध. २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून १२ चं बसतं, आणि चाप ओढला की नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच.

९. घरी काडतूस भरून पैसे वाचतात का?

वाचतात, पण कुठल्या कॅलिबरमध्ये ते बघा. पितळी पुंगळी हा काडतुसाचा सर्वांत महाग भाग, आणि तो पुन्हा वापरता येतो. म्हणून महाग, कमी खपाच्या आणि मोठ्या रायफलीच्या काडतुसांत चांगली बचत होते. ९ मिमीत किरकोळ होते. .२२ मध्ये शून्य, कारण रिमफायरची पुंगळी एकदाच कामाची. बर्डन पद्धतीच्या प्रायमरची पुंगळीही घरगुती भरणीला त्रासदायक. तिच्या बुडाला आतून दोन बारीक भोकं असतात, बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीला मधोमध एक. गंमत अशी की बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, पण आज अमेरिकेत बॉक्सर चालतं आणि बर्डन युरोपात व रशियात.

पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका. कायद्याची परवानगी, यंत्राचा खर्च आणि एकाग्रता तिन्ही लागतं. जेव्हा कराल तेव्हा दारूचं माप छापील पुस्तिकेतूनच घ्या, रेंजवरच्या मित्राच्या सांगण्यावरून नको.

१०. खरेदी आणि साठा

आधी चार-पाच कंपन्यांचा एकेक खोका घ्या. ५० मीटरला टेकू लावून प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्यांचे गट काढा, म्हणजे त्यांची भोकं किती जवळजवळ पडतात ते मोजा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते आणि महाग काडतूसच चांगला गट देईल असं नाही. जे स्वस्तात बरं जमतं ते एकाच लॉट नंबरचं, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेतलं, कायदा परवानगी देईल तेवढं, एकदम घ्या. टंचाईवरचा उपाय हाच: भाव उतरलेले असताना वर्षाचा साठा करायचा, चढल्यावर धावायचं नाही. काडतुसं कोरड्या, थंड, कुलूपबंद जागी मूळ खोक्यात ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात. सुटी करून डब्यात ओतू नका, लॉट नंबर आणि कॅलिबर दोन्ही हरवतात.

दुसरं कॅलिबर घ्यायची हुक्की येईलच. तोवर पहिल्यात वर्षाचा साठा आणि रेंजची फी सहज निघते का ते बघा. दोन कॅलिबर म्हणजे दोन साठे, दोन सफाई संच आणि परवान्यावर दोन नोंदी.

सोबत काय लागेल

कागदपत्रं: ओळखपत्र, परवाना आणि त्यावरची कॅलिबरची नोंद, रेंजचं सभासदपत्र, काडतूस खरेदीच्या पावत्या, बंदुकीची मूळ पुस्तिका.

साहित्य: कानांचं संरक्षण (.२२ लासुद्धा), डोळ्यांना चष्मा, त्याच कॅलिबरचा सफाई दांडा आणि ब्रश, तेल, चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारी पट्टी, लहानसं लोहचुंबक, आणि तारीख, लॉट व गटाचं माप लिहायला एक वही. साबणही न्या. शिशाची पूड हातांना लागते, म्हणून खाण्यापिण्याआधी थंड पाण्याने हात धुवायचे, आणि रेंजवरचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत.